कोंडूचं नाव कुठं घ्यायचं

लग्नात धवले गायला बोलावतात तेव्हा माणसं गाणं मागत नाहीत, मोठेपण मागतात. नवरा काळाकुट्ट असला तरी गाण्यात गोरा पाहिजे. घर कुडाचं, पण गाण्यात माडी. शेणवे गावच्या एका बापानं मला पोराच्या मनगटावरचं घड्याळ गायला सांगितलं होतं. ते बंद होतं. गाण्यात चालवायला माझ्या बापाचं काय जातं? चालवलं.

मला हे कोणी शिकवलं नाही. जुन्या धवलारणींच्या पाठीमागं बसून, ऐकून ऐकून जमलं. पण अशा उचललेल्या विद्येला एक भीती असते. आज नाही म्हटलं तर उद्या कोणी बोलावणार नाही, असं वाटत राहतं. म्हणून आमंत्रणाच्या सुपात तांदूळ आणि वर नारळ दिसला, की माझी मान आपली हलते.

त्या वैशाखात किन्हवलीचा देवजी असाच सूप घेऊन आला. लढाई अजून चालू होती. त्याच्या धाकट्याचं, चंदरचं लग्न ठरलं होतं, नवरी मुरबाडकडची. थोरला कोंडू पलटणीत गेलेला, ब्रह्मदेशात. दोन वर्षं झाली, कागद नाही.

देवजी ओटीवर बसला. पाणी प्याला. तांब्या हातातच धरून म्हणाला,

"हिराबाय, कोंडूचं नाव वडलांत घे."

हळदीला आम्ही आधी वडलांना बोलावतो. म्हणजे घरातल्या मेलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन, की या, मांडवात बसा, पोराला हळद लागतेय. मग जित्यांची नावं.

"हे काय बोलता, देवजीदादा?"

"मुरबाडचा रघू रजेवर आलता. नदी उतरताना कोंडू त्याच्या मागं व्हता. पल्याड गेल्यावर नवता." त्यानं तांब्या खाली ठेवला. "नाव नाय घेतलं तर पोरगं मांडवाच्या भायेर उभं राहील गो. उपाशी. सख्ख्या भावाच्या लग्नात."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, धोंडीवैनी. बाजाराला जाते सांगून निघाली होती. काखेत नवं लुगडं, माझ्यासाठी.

"म्हातारा काय सांगून गेला ते म्हाईत हाय मला. तू कोंडूला जित्यांत घे."

"पण वैनी, तो रघू सांगत होता, दिसला नाय म्हणून."

"दिसला नाय म्हंजे मेला? मला तुझा बैल आता दिसत नाय, तो काय मेला?" ती उठली, लुगडं माझ्या मांडीवर टाकलं. "जित्या पोराला मेलेल्यांत बसवशील तर त्याचं आयुष्य तू खाल्लंस. याद राख."

मान पुन्हा हलली. गिऱ्हाईक एक असलं की धवलारीण राणी असते. एकाच घरातून दोन आली, की तिचा जात्यातला दाणा होतो.

चार दिवस भाकरी थापताना, पाणी भरताना मी ओळी फिरवत राहिले. शेवटी युक्ती सुचली. नाव कुठंच घ्यायचं नाही. वडलांत देवजीच्या बापापर्यंत यायचं आणि थांबायचं. जित्यांत देवजी, मग एकदम चंदर. कोंडूला ना इकडं, ना तिकडं.

हळदीच्या सकाळी किन्हवलीला पोचले. कोंडूची बायको पारू वाटीत हळद कालवत होती. बावीस-तेवीसची पोर, कोपरापर्यंत पिवळी झालेली.

"आत्ये, वाटी माझ्याकडं दिलीय," ती हळूच म्हणाली. "थोरल्या भावजयीचा मान म्हणून. दोन वरसांत मला कोणी कायच्यात हात लावू दिला नवता."

मी तिला युक्ती सांगितली. तिनं थोडा विचार केला.

"बरं केलंस. दोघं भांडायची तरी थांबतील."

तिच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

मांडव भरला. चंदर पाटावर बसला. माझ्या मागं सकुबाई आणि चार जणी झेलायला, म्हणजे मी टाकलेली ओळ उचलून पुन्हा म्हणायला. वडलांना बोलावलं. देवजीच्या बापाचं नाव झालं आणि मी पुढं सरकले. देवजीची मान खाली गेली. जित्यांत देवजीवरून चंदरवर उडी मारली. धोंडीवैनीनं ओठ आवळले. दोघांच्या पदरात नाराजी सारखी पडली, पण भर मांडवात बोलायला कोणाला जागा नव्हती. मनात म्हटलं, हिरा, निभावलंस.

मग हळद लावायला बायकांना बोलावायची वेळ आली.

'देवजीची धोंडी आली गो, हळद लावाया आली.'

झेलणाऱ्यांनी ओळ उचलली आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बाई गाण्यात एकटी येत नाही. ती नवऱ्याच्या नावानं येते. धोंडीनंतर थोरली भावजय. 'कोंडूची पारू.' दुसऱ्या कुठल्याच वाटेनं पारू गाण्यात येऊ शकत नव्हती. गायचं तर कोंडू जिता. न गायचं तर पारू विधवा, कारण नाव न घेता गाळतात ते विधवांनाच.

पारू वाटी घेऊन अर्धी उठली होती. माझ्याकडं बघत होती.

झेलणाऱ्यांची ओळ संपली. माझं तोंड उघडलं आणि सवयीनं पुढचं नाव बाहेर पडलं.

'धाऊची मालू आली गो.'

मालू, देवजीची चुलत भावजय, गोंधळत उठली. मांडवातल्या सगळ्या माना पारूकडं वळल्या. पारूनं वाटीकडं बघितलं, मग ती मालूच्या हातात दिली. भांडं सांडू नये म्हणून देतात तशी, दोन्ही हातांनी.

तेव्हा मी गायले. 'कोंडूची पारू आली गो, हळद लावाया आली.'

कोणी झेललं नाही. लग्नाचं गाणं मागं नेत नाहीत, नवऱ्याचं पाऊल मागं पडतं म्हणतात. सकुबाई तोंड मिटून बसली. ओळ मांडवात तशीच राहिली.

"झेला गो!" धोंडीवैनी ओरडली. "झेला ना कोणीतरी!"

कोणी नाही. मग तिनंच एकटीनं उचलली. 'कोंडूची' एवढं निघालं. पुढं 'पारू' काही निघेना.

देवजी खांबाला धरून उभा होता. सकुबाईनं मला कोपरानं ढोसलं. "हिरा, पुढली घे. पोरगं पाटावर ताटकळलंय."

पारू गोठ्याच्या बाजूला निघाली होती. तिथं देवजीची विधवा बहीण लहानी बसली होती. काही न विचारता ती सरकली आणि पारूला जागा करून दिली.

मी पुढली ओळ घेतली. ती सगळ्यांनी झेलली.