डाव्या खांद्याचा दस्ता

मुकद्देरने तीस वर्षं लोकांच्या बंदुकांचे, खांद्याला टेकवायचे लाकडी दस्ते घडवले. तुर्कस्तानातलं हूलू हे बंदुका घडवणारं गावच असं की तिथली पोरं अक्रोडाच्या लाकडाच्या भुशात रांगायला शिकतात. कोन्याच्या वकिलाचे लांब हात, अंकाराच्या डॉक्टरची आखूड मान, सगळी मापं तिला तोंडपाठ. पण स्वतः तिने एकदाही चाप ओढला नव्हता. कोणी नको म्हटलं होतं असं नाही, कोणाला सुचलंच नव्हतं, आणि मागायची तिला लाज वाटायची.

कामावरून निवृत्त झाल्यावर तिने भिंतीवरची साधी दुनळी उतरवली आणि हौसेखातर तिला नवा दस्ता करायला घेतला. गिऱ्हाईक नाही, घाई नाही. लाकूड तिचा नवरा हिक्मेत यानेच कधीकाळी आणून सरपणाच्या खोलीत वाळत ठेवलेलं, काळ्या-तपकिरी रेघांचं, देखणं. मुकद्देर डावखुरी. तिने दस्ता डाव्या खांद्याच्या बाजूला जरासा वळवला आणि आपल्या हाताला बेतून दोन बोटं आखूड केला.

घोळ झाला तो हिक्मेतच्या तोंडामुळे. "बायको माझ्यासाठी बंदूक सजवतेय," असं तो चहाखान्यात सांगत सुटला. रोज संध्याकाळी येऊन तेल पाजलेल्या लाकडावर हात फिरवायचा.

"खांद्याला लावून बघू का?"

"तेल ओलं आहे."

"परवाही ओलंच होतं."

"चांगलं लाकूड पितं फार. तुझ्या भावासारखं."

तो हसायचा आणि ती लाकडाला तेलाचा आणखी एक हात द्यायची. सांगावं तर एवढा हरखलेला माणूस हिरमुसणार, न सांगावं तर बंदूक हातची जाणार. आणि बंदूक तिला हवी होती, लहान पोरीला बाहुली हवी असते तितकी हवी होती.

शेवटी गावच्या नेमबाजीचा रविवार उजाडला. माळावर सगळं गाव लोटलेलं, मोठ्या पातेल्यात भात शिजतोय, चहाचे पेले फिरतायत. यंत्रातून मातीची तबकडी उडायची आणि ज्याची पाळी तो ती फोडायचा, प्रत्येकाला पाच तबकड्या. हिक्मेत ऐटीत पुढे झाला, बंदूक खांद्याला लावली आणि तसाच थांबला. गाल दस्त्यावर बसेना. पुन्हा लावली. नळ्या भलतीकडेच बघत होत्या.

त्याचा जुना दोस्त दुरान जवळ आला, त्यानेही बंदूक लावून पाहिली आणि खो खो हसला. "वहिनी, तीस वर्षांत एकच दस्ता चुकला, तोही नवऱ्याचा. वाकडा तर वाकडा, वर आखूड."

माळ हसला. मुकद्देरचे कान तापले. हो, चुकलं, एवढं म्हटलं असतं तर सुटली असती. पण आपल्या हातच्या कामाला चूक म्हणायला तिची जीभ रेटेना.

हिक्मेतने चाळीस वर्षं नळ्या जोडल्या होत्या, दस्ता कोणासाठी घडलाय हे त्याला कळत होतं. त्याने बंदूक उलटी धरून मागून न्याहाळली. मग बायकोच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. आता मला रडू फुटणार, असं तिला वाटलं.

"काही चुकलेलं नाही," तो मोठ्याने म्हणाला. "दुरान, माझ्या घरी इतकं जेवलास, ती सूप कुठल्या हाताने वाढते पाहिलंस कधी? सरक बाजूला."

बंदूक तिच्या हातात देताना तो पुटपुटला, "सांगायचंस ना गं. मी गावभर फुशारक्या मारत फिरलो."

"तू इतका खूश होतास."

"गाढव होतो. लाव खांद्याला."

तिने लावली. गाल आपसूक जागेवर बसला. तबकडी उडाली, पहिल्या नळीचा बार वाया गेला. दुरान काही बोलणार, तोच तिने दुसरा चाप ओढला आणि आभाळात मातीचा भुगा झाला. मुकद्देर मोठ्याने हसली, खांदा दुखत होता तरी हसतच राहिली.

यादी धरून बसलेल्या माणसाने विचारलं, "ही तबकडी कोणाच्या नावावर मांडू? पाळी तर हिक्मेतची."

"तिच्या नावावर," हिक्मेत म्हणाला. "आणि माझ्या उरलेल्या चारही तिलाच."

एरवी ती नको, नको म्हणाली असती. आज तिने काडतुसांसाठी हात पुढे केला.