माझ्याच पोटात चहाडखोर

मित्रांनो, मिस्त्रींच्या कामाच्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला जो पिवळट डबा लटकतोय, तो मी. मी राउटर. घरात इंटरनेट पोचवायचं माझं काम होतं. गेले सात महिने माझा एकही दिवा लागलेला नाही. मी बिघडलेलो नाही. मला बंद पाडलंय.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच दिवशी पट्ट्यावरून उतरले, त्यामुळे जन्माचं कौतुक सांगत नाही. खोक्यावर छापलं होतं, 'तुमच्या घराचा विश्वासू सोबती'. मला ते खरं वाटलं.

मिस्त्री शिलाई मशिनं दुरुस्त करतात, तीही इतकी जुनी की कंपनी त्यांना विसरूनही गेली. त्यांची दुरुस्तीची पुस्तकं दुकानात मिळत नाहीत, कंपनी छापत नाही. म्हणून या धंद्यातल्या लोकांची एक रीत आहे. ज्याच्याकडे पुस्तक असेल त्याने पानांचे फोटो काढून सगळ्यांना द्यायचे. तेलाचे डाग पडलेली ती पानं रोज माझ्यातून जायची-यायची.

मिस्त्रींची मुलगी औषधांच्या दुकानात काम करायची आणि घरी बसून, माझ्यामार्फत, दूरच्या कॉलेजात औषधनिर्माण शिकायची.

"बाबा, पाच मिनिटं हातोडी ठेवा ना खाली. सरांना माझ्याआधी तुम्हीच ऐकू येताय."

"मग पास झालीस तर निम्मे मार्क माझे."

शेजारच्या काकांची लाइन महिन्यातून चारदा जायची. आमचा पासवर्ड दारावर खडूनेच लिहिलेला होता. काका यायचे, वाचायचे, जायचे. कुणी हिशेब ठेवला नाही.

मग कायदा आला. लेखक-कलाकारांच्या हक्कांसाठी आहे म्हणाले. त्यांना त्यांचं मिळायलाच हवं, त्यावर माझं भांडण नाही. पण या कायद्याला कुणी काय घेतलं, कशासाठी घेतलं, याच्याशी देणंघेणंच नाही. विनापरवानगी नक्कल पाठवल्याच्या तीन तक्रारी आल्या की अख्ख्या घराची जोडणी वर्षभर बंद. सुनावणी नाही, न्यायाधीश नाही. आणि तक्रारी गोळा करायला कोण? मीच. इंटरनेट कंपनीने 'सुरक्षेसाठी सुधारणा' म्हणून माझ्या आत काहीतरी घुसवलं आणि ते एकेक पान मोजून वर कळवू लागलं. माझ्याच पोटात चहाडखोर बसवला, आणि मी हिरवे दिवे मिचकावत बसलो.

पहिली नोटीस मिस्त्रींना जाहिरात वाटली. घडी करून त्यांनी ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. दुसरी मुलीने वाचली आणि इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"मॅडम, नोंद मशीनने केलीय. आमच्या हातात काही नाही."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला द्या ना फोन."

फोन कट झाला.

त्यानंतर मिस्त्रींनी आठ दिवस एकही पान दिलं नाही. नवव्या दिवशी दुसऱ्या गावचा एक कारागीर अडला. उघडलेलं मशीन त्याला जोडता येईना.

"नका देऊ, बाबा."

"अगं, त्याचं मशीन टेबलावर सुटं पडलंय. एका पानाने काय होतंय?"

त्या एका पानाने तिसरी नोटीस आली. मिस्त्रींच्या नावावरचे दोघांचे फोनही त्याच दिवशी बंद झाले. मुलीची शेवटची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर होती.

ती काकांकडे गेली. ते दारातच उभे राहिले.

"राग मानू नकोस, पोरी. बंदी असलेल्याला लाइन दिली तर नोटीस मला येते. माझ्याही घरात माणसं आहेत."

भिंतीपलीकडे त्यांचा राउटर चालू होता, मला कळत होतं. औषधांच्या दुकानाचा मालकही हेच म्हणाला, आणि वाचनालयाने तर भीतीपोटी सगळ्यांसाठीची जोडणी आधीच काढून टाकली होती. परीक्षेच्या वेळी ती माझ्यासमोर, कपाटातला चांगला ड्रेस घालून, कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत बसली. चार दिवसांनी पत्र आलं. कॉलेजने एकच शब्द लिहिला होता: गैरहजर. पुढची परीक्षा वर्षाने.

ते वर्ष संपत आलं की बंदी उठेल, या आशेवर ती अजून पुस्तकं उघडते. पण आता कायद्यात बदल येतोय. एकाच तक्रारीत जोडणी तुटणार आणि चालू बंद्याही दुप्पट लांबणार. म्हणजे पुढची परीक्षाही गेली. लोकांकडून हरकती मागवल्यात. मिस्त्रींनी तीन पानं लिहून पोस्टाने पाठवली. पाकीट न फोडता परत आलं. वर शिक्का होता, 'हरकती फक्त ऑनलाइन स्वीकारल्या जातील.'

मिस्त्री तो शिक्का बघून हसले. मुलगी हसली नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, कपाटात ठेवू नका. मी साधा डबा आहे, माझं काय व्हायचं ते होवो. पण तुमच्या घरातला दिवा अजून हिरवा आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. ती तीन पानं अजून टेबलावर आहेत. कुणीतरी या, त्यांचे फोटो काढा आणि तुमच्या घरून पाठवा. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.