पुलापाशी अडलेला घोडा

आमच्या कंपनीत माझं काम चुका काढण्याचं. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी मी तो डोळ्यांत तेल घालून खेळते आणि बिघडलेलं दिसेल ते नोंदवते. घोडेस्वाराच्या गेमचा हा आठवा भाग. दुसऱ्यापासून मी आहे. प्रत्येक भागाला लोक ‘तेच तेच काय देता’ म्हणून शिव्या घालतात आणि पुढचा पहिल्याच दिवशी विकत घेतात. म्हणून आमच्या यादीत एक ओळ कायमची बसली आहे: मागच्या भागात नसलेलं काही दिसलं, तर चूक म्हणून नोंदवा.

मंगळवारी घोडा पुलापाशी अडला. थोड्या वेळापूर्वी याच पुलावरून मी त्याला खाली पाडलं होतं. आता टाच मारली तरी तो कान पाडून मागे सरकत होता. चौदा वर्षांत हा घोडा घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पुन्हा टाच मारवेना. मग यादी उघडली आणि लिहिलं: ‘घोडा ऐकत नाही. गंभीर.’

तासाभरात कुणीतरी घोडा सरळ करून टाकला.

दुपारी भाची आली. भावाची मुलगी; वर्षापूर्वी मीच तिला इथे चिकटवून दिलं होतं.

“आत्या, तो पडलेलं लक्षात ठेवणारा घोडा माझा होता. पाच महिने खपले मी त्याच्यावर.”

“मग आधी बोलायचंस ना!”

“मुद्दाम नाही बोलले. न सांगता तुला कळतंय का, ते बघायचं होतं.”

मी तडक साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही. “नोंद मागे घे,” ते म्हणाले, “पण ही चूक नाही, असं लिहून दे. खाली तुझं नाव. उद्या लोक ओरडले तर मी तुझ्याकडे बोट दाखवणार. पाचनंतर मात्र काही बदलता येणार नाही.”

जागेवर येऊन मी लिहायला बसले. एक वाक्य चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला. ‘हे बरोबर आहे’ म्हणून खाली नाव घालायची वेळ कधी आलीच नव्हती. पाच वाजले, सव्वापाच झाले. नांगी टाकली मी, दुसरं काही नाही.

भाची पुन्हा आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं.

“एकच सांग. तुला तो खरंच बिघडलेला वाटला?”

हो म्हटलं असतं तर निदान मला अक्कल नाही, असं समजून ती गेली असती. पण तिच्याशी खोटं बोलवेना.

“नाही गं. फार आवडला मला.”



“तुला आवडला, तरी तू त्याला मारलंस,” ती म्हणाली. “मग ज्यांना आवडणार नाही, त्यांच्यापुढे मी काय घेऊन जाऊ?”

ती वळली आणि चालायला लागली. तिला थांबवायला मला तोंड नव्हतं.