मधलं रिकामं चॅनल

"थांबा नत्थूजी! थांबा ना!" बळीराम वॉकीटॉकीत ओरडला, पण क्रेनला टांगलेलं यंत्र खालीच येत राहिलं. त्याच्याखाली बळीरामचा भाचा जितेंद्र गुडघ्यांवर बसून लाकडी ठोकळे लावत होता.

वाडीतल्या त्या गोदामात नत्थूजी क्रेन चालवत. मध्ये कंटेनर आल्यामुळे केबिनमधून त्यांना पलीकडचं काही दिसत नसे. बळीराम सावलीत उभा राहून सेटवर सांगेल तेवढंच ते हलवत. देवावर नसेल एवढा त्यांचा या आवाजावर भरवसा. आणि आत्ता त्यांच्या सेटमधून खरखरत दुसराच कुणी म्हणत होता, "खाली, खाली!"

बळीरामने सेट टाकला आणि कंटेनरला वळसा घालून, दोन्ही हात वर करत तो क्रेनसमोर धावला. यंत्र थांबलं. जितेंद्रच्या पाठीपासून वीतभर वर. तो सरपटत बाहेर आला आणि मामाच्या पायाशी बसला. बळीरामला रडू आलं. मग रडण्याचीच लाज वाटून तो भडकला.

भिंतीपलीकडच्या गोदामात ताराचंद सेटवरून क्रेन हलवायचं हेच काम करी.

"तारा! आमच्या चॅनलवर काहून बोंबलून राहिला बे?"

भिंतीवर ताराचंदचं डोकं आलं. "मी माह्याच चॅनलवर आहो. पाचवर तू, सहावर मी."

"मंग तुहा आवाज इकडं कसा आला?"

"सेट फुल पावरवर आहे. पण आधी कोणं केली फुल? तुहा आवाज रोज आमच्या क्रेनमंदी घुसे. मी काय करू?"

खोटं नव्हतं ते. पावर आधी बळीरामनेच चढवली होती, तीही मोठ्या ऐटीत. शेजारच्या फोडणीचा ठसका भिंत ओलांडून येतो, तसंच लगतच्या चॅनलचं असतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. पण माघार कोण घेणार? हट्ट दोघांचा, आणि जीव जितेंद्रचा जाणार होता.

"मी कमी करतो," बळीराम म्हणाला. "तू बी कर. अन् सातवर जाय. मधलं रिकामं राहू दे."

"जातो." ताराचंदने मान खाली घातली. "पोट्टा ठीक आहे ना गा?"

यंत्र अजून अधांतरीच होतं. बळीरामने जितेंद्रला दूर उभं केलं, सेट उचलला, पावर उतरवली आणि सावलीत येऊन म्हणाला, "नत्थूजी, खाली."

खरखर अजिबात नव्हती. पण यंत्र हललं नाही.

"ऐकू येऊन राहिलं ना?"

"येऊन राहिलं. एकदम साफ." नत्थूजी म्हणाले. "पण तू दिसत नाही गा, बळीराम. मले दिस, मंगच उतरवतो."

 बळीराम कंटेनरच्या कोपऱ्यावर, नत्थूजींना दिसेल अशा उन्हात गेला. सेट त्याने कमरेला खोचला आणि हाताने खूण केली.