पन्नास सागरी मैल

तोतारामनानांना आयुष्यात एकच रस्ता पाठ होता, धुळे ते जळगाव. सोयरिकी जुळवायला असो की मयतीला, जाणं त्याच रस्त्यानं. त्यांची लेक पुनम धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती. एका संध्याकाळी तिनं गोंदूर आणि जळगावच्या धावपट्ट्यांमध्ये नकाशावर पट्टी ठेवली आणि म्हणाली, "पन्नास." नाना हबकलेच.

"पन्नास? शंभर शे ते!"

"पन्नास मैल, नाना."

मैल नानांना ठाऊक होता. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर. "मंग बाकीनं अंतर कथं गयं?"

"सागरी मैल शे. साधा मैलपेक्षा मोठा."

"धुयामा समुद्र कथाईन उना?"

पुनम हसली आणि आकडेमोडीला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिल्यांदाच एकटीनं, शेजारी शिकवणारे सर नसताना, जळगावला विमान न्यायचं होतं. पेट्रोल किती लागेल ते याच अंतरावरून ठरणार होतं. नानांचं डोकं गरगरलं. मैलही लहानमोठा असतो? मग उद्या शेजाऱ्यानं बांधावर येऊन सागरी एकर काढला तर?

पोरगी हुशार खरी, पण हुशार माणूसच मोठी चूक करतो, असं नानांचं ठाम मत. पन्नासाचं पेट्रोल भरून शंभरावर निघाली, तर पारोळ्याच्या पुढे कुठेतरी कपाशीत उतरावं लागणार! बोलावं तर तिचा धीर खचेल, गप्प बसावं तर जीव राहीना.

सकाळी ती धावपट्टीकडे गेली आणि नाना मोटरसायकलला पेट्रोलचा कॅन बांधून हायवेला लागले. विमानाला हे पेट्रोल चालतं का, असले प्रश्न त्यांना पडलेच नाहीत. वेडी माया म्हणतात ती हीच.

पारोळ्याजवळ डोक्यावर घरघर झाली. पांढरं, चिमुकलं विमान पूर्वेकडे निघालं होतं. तीच का? की दुसरं कोणी? नानांनी वेग वाढवला, पण विमान रानापलीकडे दिसेनासं झालं. पुढे गेलं की खाली उतरलं, काही कळेना. मग ते प्रत्येक मोकळं वावर निरखत निघाले. एकदोघांना विचारलं, तर त्यांनी नानांनाच आपादमस्तक न्याहाळलं.

एरंडोलला फोन वाजला.

"नाना, पोचनू मी जळगावले!"

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पेट्रोल पुरनं का?"

"निम्म्यापेक्षा जास्त उरनं! तुम्ही घरच शेतस ना? गाड्यासना आवाज येस."

"घरच शे," एका ट्रकला वाट देत नाना म्हणाले.

"मी आते लगेच परत निघस."

हिशेब आता तरी जुळायला हवा होता. नाही जुळला. निम्म्यापेक्षा जास्त म्हणजे नक्की किती जास्त, हे विचारायचं राहूनच गेलं.

नानांनी मोटरसायकल धुळ्याकडे वळवली. या खेपेला मात्र सावकाश चालवली. लेक मागून येणार होती, आणि कॅन अजून भरलेला होता.