मथळ्यात काजळी

"या दोघांतून एक पसंत कर," म्हणत प्रफुलभाऊंनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, जसं काही आम्ही कापडाच्या दुकानात बसलोय.

प्रफुलभाऊ आमच्या चंद्रपूरच्या दैनिकाचे मालक. मथळे तपासणारा आणि लिहून देणारा एआय मदतनीस त्यांना घ्यायचा होता. दोन कंपन्यांचे दोन फुकट वापरून बघायला मिळाले होते. मथळे लिहायचं काम इतकी वर्षं माझं, म्हणून निवडही माझ्याच गळ्यात.

परीक्षेला त्याच दिवशीची बातमी घेतली. मोहर्लीकडची कमला रामटेके पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि काजळी नावाच्या वाघिणीनं तिला मारलं. तिचा नवरा श्रावण सफारीत गाइड आहे. त्याला मी फोन केला होता. जंगलात माणूस गेलं की घरच्यांना विचारून त्याचं नाव मथळ्यात द्यायचं, हा आमच्या डेस्कचा रिवाज. घरचे ते कात्रण लॅमिनेट करून फोटोशेजारी ठेवतात.

श्रावण एवढंच म्हणाला होता, "बाई, तिचं नाव कधी कुठी छापून नाई आलं. मोठ्या अक्षरात द्या."

"देते भाऊ," मी म्हटलं होतं.

पहिल्या मदतनिसानं लिहिलं, 'मोहफुलं वेचताना वाघिणीच्या हल्ल्यात कमला रामटेके यांचा मृत्यू'. खाली टीपही दिली, की घरचे हे वाचतील, भडक शब्द टाळा. मला बरं वाटलं.

दुसऱ्यानं आधी आमचे जुने मथळे चाळले. वाघाचं नाव असलं की लोक बातमी उघडतात, माणसाचं असलं की पुढे सरकतात, असं त्यानं सांगितलं. मग लिहिलं, 'काजळीचा थरार! जंगलात महिलेसोबत जे घडलं, ते वाचून हादराल'.

मला शिसारी आली. "पहिलाच घ्या," मी म्हटलं.

"काऊन? काजळीले पाहाले पुण्याहून गाड्या येऊन राह्यल्या. कमलाले कोण ओळखते?"

"तिचा नवरा ओळखते. मी त्याले शब्द देला हाय, भाऊ."

"एका नवऱ्यानं पेपर चालते काय?" त्यांनी दुसऱ्याच्या मथळ्यावर बोट दाबलं. "अन् कोणी विचारलं तर सांगजो, एआयनं लिहिलं."

यंत्राला काय बोलायचं? वर्षानुवर्षं आम्ही जे चघळलं, तेच त्यानं आमच्या पानावर ओकलं. त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

कमलाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी श्रावण त्या बातमीचा अंक घ्यायला आला. त्याच्या गावात अंक पोचलाच नव्हता. मी अंक पुढे केला. त्यानं मथळा सावकाश वाचला, परत वाचला.

"आत हाय नाव, भाऊ. तिसऱ्या ओळीत," मी कशीबशी म्हणाले. मला माझीच किळस आली.

त्यानं काजळीवर बोट ठेवलं. "हे नाव मीच ठेवलं होतं, बाई. डोळ्याखाली काळी रेघ दिसली म्हणून. घरी येऊन पह्यले कमलालेच सांगतलं."

मग त्यानं माझ्या टेबलावरची कैची घेतली. जपून कमलाच्या नावाची तेवढी एकच ओळ कापली आणि तळहातावर ठेवली.

"लॅमिनेशनवाला एवढुसं करून देईन काय?" त्यानं विचारलं.