तळणाच्या वासाची वाट

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझं डावं चाक कुरकुरतं आणि खरं सांगू का मित्रांनो, मीही कुरकुरते. कारखान्यातून आले तेव्हा माझी बैठक निळीशार होती. कर्करोग विभागातल्या परिचारिका मला कौतुकाने 'राणी' म्हणत. आता बैठकीला चिकटपट्ट्या आहेत, पण त्याचं मला काही नाही. माझा राग आहे तो वाटेवर.

या रुग्णालयात औषधं नवी आली, यंत्रं नवी आली. वाट मात्र तीच. केमो घेतलेल्या माणसाला लिफ्टपर्यंत न्यायचं, ते स्वयंपाकघरावरून. आधीच पोटात ढवळत असतं, त्यात तळणाचा वास. माझ्या मांडीवर किती जणांनी डोळे मिटून नाक दाबलं, त्याला गणती नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू यायच्या. औषध लागू पडत होतं, गाठ निम्म्यावर आली होती. तरी चौथ्या खेपेला त्या तिथेच ओकल्या आणि मला ढकलणाऱ्या मावशींना म्हणाल्या, "आता बास. उरलेले दोन डोस नकोत. सुई सोसते गं, ही वाट नाही सोसवत."

तेवढ्यात समोरून रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे नकाशे घेऊन वास्तुकार आले. मावशींनी त्यांना अडवलं.

"साहेब, तिकडे तरी स्वयंपाकघर लांब ठेवलंय ना?"

"लांब कशाला? केमोच्या खोलीला लागूनच ठेवलंय. जेवण गरम मिळायला हवं," ते खुशीत म्हणाले. "वास बघा किती छान सुटलाय."

"तुम्हाला भूक लागली असेल," काकू तोंड पुसत म्हणाल्या. "तीस वर्षं कपडे शिवतेय, भाऊ. ज्याच्या अंगावर चढायचं, त्याचं माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. तुम्ही कुणाचं माप घेतलंत?"

वास्तुकारांनी खाली बसून नकाशा काकूंच्या गुडघ्यांवर पसरला आणि स्वयंपाकघरावर काट मारली.

"ती इमारत होईल तेव्हा होईल," मावशी म्हणाल्या. "वॉर्डाला लागून जुन्या फायलींची खोली आहे. तिच्या पलीकडच्या दाराबाहेर लिफ्ट. बारा वर्षं कुलूप आहे. ते काढा आधी."

पाचव्या खेपेला काकू आल्या. खोलीचं कुलूप निघालं होतं. परतताना मावशींनी त्यांना माझ्यावर बसवून तिथूनच नेलं. वीस पावलांत लिफ्ट.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी दवाखाने बांधेल. कागदावर रेघ मारण्याआधी एखाद्या आजारी माणसाबरोबर त्या वाटेने एकदा जाऊन या. म्हणजे लिफ्टचं दार मिटताना काकूंनी जे विचारलं, ते तुम्हाला कुणी विचारणार नाही.

"एवढंच होतं?"